आधी बोर्ड, मग प्रोसेसर

गेम अडखळायला लागला की प्रोसेसर बदलायची भाषा सुरू होते आणि लगेच ओळखीपाळखीच्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, इंटेलला तोड नाही. दुसरा म्हणतो, आता एएमडीचा रायझन सोडून काही घेऊच नये. दोघंही मनापासून सांगत असतात, पण आपल्या कॅबिनेटचं झाकण दोघांनीही उघडून पाहिलेलं नसतं. खर्चाचा निकाल तर तिथेच लागतो. नुसता प्रोसेसर घेऊन भागणार, की त्याच्यासोबत मदरबोर्ड आणि रॅमही घ्यावी लागणार, हे आज आत बसलेल्या बोर्डावर ठरतं. कंपनी कोणती, हा त्यानंतरचा प्रश्न.

म्हणून आपण दुकानात जाण्याच्या बऱ्याच आधीपासून सुरुवात करू. भिवंडीत राहणाऱ्याला काही गोष्टी जास्तीच्या लक्षात घ्याव्या लागतात. इथला उन्हाळा दमट, हवेत यंत्रमागांची रुई, आणि सुटे भाग घ्यायचे तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठा किंवा ऑनलाइन मागवा. त्या त्या टप्प्यावर त्यांचा विचार करूच.

आधी कामाची वाटणी समजून घेऊ. गेममधली गोळी कुठे लागली, शत्रू कुठल्या दिशेला पळाला, गाडी भिंतीवर आपटून किती वळली, हा सगळा हिशेब प्रोसेसर करतो. तो हिशेब तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड त्यावरून चित्र रंगवतं. अशा एका पूर्ण चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला ६० फ्रेम आल्या तर हालचाल सलग दिसते, १४४ आल्या तर लोण्यासारखी. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावं लागतं. त्यामुळे मागे नेमकं कोण पडतंय हे कळल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत.

त्यासाठी घरच्या घरी करता येईल अशी एक फुकटची चाचणी आहे. आपला नेहमीचा गेम सुरू करा आणि फ्रेमचा आकडा पडद्यावर दिसेल अशी सोय करा. स्टीममध्ये तो पर्याय आहे, बऱ्याच गेमच्या सेटिंगमध्येही असतो. आता गेममधलं रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा. सावल्या, प्रतिबिंबं वगैरे सगळं किमान करा. चित्र गचाळ दिसेल, दिसू द्या. फ्रेमचा आकडा भरपूर वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डात होती, कारण आपण ओझं मुख्यतः त्याचंच कमी केलं. आकडा जवळपास तिथेच राहिला तर कार्ड मोकळं बसलंय आणि प्रोसेसर मागे पडतोय.

इथे बरेच जण टास्क मॅनेजर उघडतात, तिथे प्रोसेसर ४० टक्के वापरात दिसतो आणि मग ते म्हणतात, प्रोसेसर तर निवांत आहे. तो आकडा फसवा असतो. प्रोसेसरमध्ये अनेक कोअर असतात, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे भाग. गेमचं मुख्य काम त्यातल्या एक-दोन कोअरवरच पडतं. ते दोन कोअर शंभर टक्के दमलेले आणि बाकीचे बरेचसे रिकामे असले, तरी सरासरी ४० दिसते. त्यापेक्षा ग्राफिक्स कार्डाचा वापर पाहावा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड आपल्या पुऱ्या ताकदीने काम करतंय आणि नवा प्रोसेसर घालून हाती फारसं काही लागणार नाही. तो ६०-७० वर रेंगाळत असेल, आणि फ्रेमची मर्यादा आपणच कुठे घालून ठेवली नसेल, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा.

प्रोसेसरवर संशय पक्का झाला तरी फुकटात किंवा थोड्या खर्चात सुटणारे दोष आधी संपवावेत. सगळ्यांत जास्त आढळणारा दोष रॅमचा. सोळा जीबीची एकच पट्टी लावलेली असते. आठ-आठच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर प्रोसेसरला एकाच वेळी दोन वाटांनी माहिती मिळते आणि कित्येक गेममध्ये तेवढ्यानेच फरक पडतो. दुसरं म्हणजे, ३२०० वेगाची रॅम विकत घेतली तरी बायोसमध्ये सांगितल्याशिवाय ती बहुधा २४०० किंवा २६६६ वरच चालते. बायोस म्हणजे संगणक चालू होताना विंडोजच्याही आधी जागा होणारा, बोर्डावरच साठवलेला छोटा प्रोग्राम. त्यात एक्सएमपी नावाचा पर्याय चालू करावा लागतो. एएमडीच्या बोर्डांवर त्याला डीओसीपी किंवा एक्सपो अशीही नावं असतात. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवू शकणारा, मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच ठेवलेला असणं किंवा मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावलेली असणं, हेही वरचेवर सापडतं.

आणि भिवंडीपुरती खास गोष्ट म्हणजे रुई. माग ज्या वस्तीत चालतात तिथे ती घरातही येते आणि कूलरच्या बारीक पात्यांमध्ये नमद्यासारखी बसते. पंखा फिरत राहतो, पण हवा आरपार जात नाही. प्रोसेसरचं तापमान ९० ते १०० अंशांच्या घरात गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि आपण समजतो की तो जुना झाला. संगणक बंद करून, वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवत मऊ ब्रशने ती रुई काढावी. कूलरखालची पेस्ट वाळली असेल तर ती पुसून नवी लावावी. एवढं करूनही गेम अडखळतोय? मग पुढे जाऊ.

आता आपला बोर्ड कोणता ते पाहू. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एमएसइन्फो आणि त्याला जोडून ३२ असं लिहा. जी माहिती येईल तिच्यात प्रोसेसरचं नाव, बोर्डाची कंपनी, मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. हे चारही कागदावर उतरवून घ्या. सीपीयू-झी नावाचा मोफत प्रोग्राम घेतला तर तो सॉकेटही सांगतो. सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा. एका सॉकेटचा प्रोसेसर दुसऱ्यात बसत नाही, आणि बसला तरी चालेलच असं नाही. २०१७ साली इंटेलने आठव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर आणले, तेव्हा सॉकेटचं नाव एलजीए ११५१ हेच होतं, तरीही सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ते चालत नव्हते. म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलच्या पानावर जावं आणि तिथली आधार दिलेल्या प्रोसेसरांची यादी वाचावी. शेवटचा शब्द त्या यादीचा. दुकानदाराचाही नाही आणि माझाही नाही.

बोर्ड एएम४ सॉकेटचा निघाला, म्हणजे ए३२०, बी३५०, बी४५०, ए५२०, बी५५० अशा नावांपैकी एखादा, तर आपण नशीबवान आहात. पहिले रायझन मार्च २०१७ मध्ये या सॉकेटवर आले आणि २०२२ चे रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही त्यावरच बसतात. २०२२ मध्ये एएमडीने सगळ्यांत जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही ५००० मालिकेसाठी मोकळीक दिली. अट एवढीच की बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्यासाठीचा बायोस दिलेला हवा. इतकी वर्षं एकाच सॉकेटने साथ देणं डेस्कटॉपच्या जगात दुर्मीळ आहे. आपल्यासारख्या टप्प्याटप्प्याने पैसे घालणाऱ्या घरांना त्याचा सगळ्यांत जास्त उपयोग झाला, असं मला वाटतं.

अशा बोर्डावर पहिला विचार रायझन ५ ५६०० चा करावा. सहा कोअर, ६५ वॅट, सोबत डब्यातच कूलर. रायझन ५ १६०० किंवा २६०० वरून येणाऱ्याला गेममध्ये फरक स्पष्ट जाणवतो, आणि रॅम, बोर्ड, कॅबिनेट सगळं तसंच राहतं. खबरदारी एकच घ्यायची: रायझन ५ ५५०० हा त्याचाच धाकटा भाऊ म्हणून विकला जातो, दिसायला आकड्यांत शंभराचाच फरक, पण त्यातली एल३ कॅशे ३२ एमबीऐवजी १६ एमबी असते. ५६००जी मध्येही १६ च आहे. गेमसाठी ही तफावत महत्त्वाची आहे.

कॅशे म्हणजे प्रोसेसरच्या अंगातच असलेली छोटी आणि अतिशय वेगवान साठवण. यंत्रमागावर भरलेल्या कांड्या हाताशी असल्या तर माग थांबत नाही. दर कांडीसाठी सुताच्या गोदामापर्यंत जावं लागलं तर कारागीर कितीही चपळ असो, कापड कमीच निघेल. इथे हाताशी ठेवलेल्या कांड्या म्हणजे कॅशे आणि गोदाम म्हणजे रॅम. गेमला पुढच्या क्षणी कोणती माहिती लागेल ते आधी सांगता येत नाही, त्यामुळे मोठ्या कॅशेचा फायदा गेमला इतर कामांपेक्षा जास्त मिळतो.

एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांमागे हीच कल्पना आहे. प्रोसेसरच्या चकतीवर कॅशेची आणखी एक चकती रचायची. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी मध्ये अशा रीतीने ९६ एमबी एल३ कॅशे बसवली, साध्या ५८००एक्स च्या तिप्पट. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा थोडा स्वस्त भाऊ ५७००एक्स३डी आला. एएम४ बोर्डाला मिळालेली ही सर्वांत मोठी बढती. मात्र नवाकोरा ५८००एक्स३डी आता सहज सापडत नाही. ५७००एक्स३डी बिलासकट, वॉरंटीसकट आणि वाजवी किमतीत मिळाला तर घ्यावा. चढ्या भावाने, बिलाविना कुणी देऊ करत असेल तर ५६०० वर समाधान मानावं. बचत झालेले पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

दुसरी शक्यता, बोर्ड इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचा आहे: एच६१०, बी६६०, बी७६० अशा नावाचा. यावर बारावी, तेरावी आणि चौदावी अशा तीन पिढ्या चालतात, नव्या पिढ्यांसाठी मात्र बायोस अद्ययावत हवा. आय३-१२१००एफ किंवा आय५-१२४००एफ असलेल्याने वर कुठे जायचं? आय५ च्या वरच्या मॉडेलकडे, पण बोर्डाची ताकद पाहून. स्वस्त एच६१० बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग बेताचेच असतात. त्यावर आय७ बसवला तर तो चालू होतो, पण जोर लावायची वेळ आली की बोर्ड तापतो आणि वेग खाली येतो. पैसे आय७ चे आणि काम आय५ चं, असं होतं.

इथेच एक इतिहास माहीत असायला हवा. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले इंटेलचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागल्याच्या तक्रारी २०२४ मध्ये गाजल्या. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं गेल्याने ते हळूहळू खराब होत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून बायोसमार्गे दुरुस्ती दिली आणि ठरावीक मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच वर्षं केली. ही दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. त्यामुळे या दोन पिढ्यांचा आय७ किंवा आय९ जुन्या बाजारातून घ्यायचा विचार असेल तर मी सोडून द्या म्हणेन. नवा घेतला तर पहिल्याच दिवशी बायोस अद्ययावत करावा. बाराव्या पिढीला हा त्रास नाही. एएमडीही यातून पूर्ण सुटलेली नाही: एप्रिल २०२३ मध्ये काही बोर्डांवर ७००० मालिकेतले एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं पुढे आली आणि बोर्डांच्या कंपन्यांना व्होल्टेजवर मर्यादा घालणारे बायोस द्यावे लागले. दोन्ही घरांत जुना बायोस हा धोका आहेच.

तिसरी शक्यता, बोर्ड याहून जुना आहे. चौथ्या किंवा सातव्या पिढीचा आय५ वगैरे. त्याच बोर्डासाठी जुना आय७ शोधण्यात काही लोक दिवस घालवतात. नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० लागतं. टीपीएम म्हणजे सुरक्षेच्या चाव्या जपणारी व्यवस्था. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. अशा वेळी प्रोसेसर, बोर्ड आणि बहुधा रॅम, तिन्हींचा खर्च धरूनच बसावं.

या तिसऱ्या गटातल्या माणसासमोर खरी निवड उभी राहते. नवं घ्यायचंच तर कुणाचं? माझ्या मते इथे आधी घरातली रॅम पाहावी. आपल्याकडे डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या असतील, सहाव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच संगणकांत असतात, तर त्या वाया घालवू नयेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले आणि हा मुद्दा आणखी वजनदार झाला. डीडीआर४ चालणारा बी६६० किंवा बी७६० बोर्ड आणि आय५-१२४००एफ, किंवा बी५५० बोर्ड आणि रायझन ५ ५६००, या दोन जोड्यांत गेमपुरता फरक उन्नीस-बीसचा आहे. ज्या दिवशी जी जोडी स्वस्त मिळेल ती घ्यावी. बोर्ड घेताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावं, कारण बी७६० चे डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकार येतात आणि डबे सारखे दिसतात. डीडीआर५ च्या खाचेत डीडीआर४ ची पट्टी बसत नाही.

रॅमही नवीच घ्यायची असेल तर मी एएम५ कडे कौल देईन. हा सॉकेट सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेसोबत आला, फक्त डीडीआर५ घेतो, आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही त्याला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० घेऊन सुरुवात करायची आणि तीन-चार वर्षांनी त्याच बोर्डावर एखादा एक्स३डी बसवायचा, असा मार्ग मोकळा राहतो. रायझन ७ ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये आणि ९८००एक्स३डी नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. दुसऱ्यात कॅशेची चकती कोअरच्या वर न ठेवता खाली ठेवली, त्यामुळे कोअर कूलरच्या जवळ आले आणि वेग वाढवता आला. गेमपुरतं बोलायचं तर इंटेलकडे या दोघांना उत्तर नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटेलने एलजीए १८५१ सॉकेटवर कोअर अल्ट्रा २०० मालिका आणली. तिने विजेचा वापर चांगलाच कमी केला, पण गेममध्ये ती कित्येकदा स्वतःच्याच चौदाव्या पिढीच्या मागे राहिली. व्हिडिओ संकलन, थ्रीडीचं काम हाच ज्याचा रोजचा धंदा आहे आणि गेम फावल्या वेळेत, त्याने तिचा विचार जरूर करावा.

पण महागडा एक्स३डी सगळ्यांसाठी नाही. प्रोसेसरांची तुलना करणारे लोक सगळ्यांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावून, कमी रिझोल्यूशनवर मोजतात. तसं केल्याशिवाय प्रोसेसरांमधला फरक उघड होत नाही, म्हणून त्यांची पद्धत बरोबरच आहे. आपल्या घरी आरटीएक्स ३०६० आणि ७५ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर त्या तक्त्यातला फरक आपल्या पडद्यावर कधीच दिसणार नाही. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ स्पर्धेच्या जिद्दीने, १०८० वर, १६५ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर खेळणाऱ्याला प्रोसेसर हवा. सायबरपंक २०७७ किंवा रेड डेड रिडेम्प्शन २ ची कथा, सगळी दृश्यं सुंदर ठेवून, १४४० वर खेळणाऱ्याने तेच पैसे कार्डात घालावेत.

आता नावांचे सापळे, कारण फसवणूक इथे सगळ्यात जास्त होते. ‘आय७, १६ जीबी, गेमिंग पीसी’ अशी जाहिरात पाहिली की आधी विचारावं, पिढी कोणती? आय५-१२४०० मधले पहिले दोन आकडे पिढी सांगतात: बारावी. चार आकडी आय७-३७७० मध्ये पहिला एकच आकडा पाहायचा: ही तिसरी पिढी, २०१२ ची. तिच्यापुढे २०२२ चा आय३-१२१००एफ गेममध्ये आरामात सरस ठरतो. शेवटचं अक्षरही वाचावं. इंटेलच्या नावाअखेर एफ असेल तर आत चित्र दाखवायची सोय नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेलच. कार्ड दुरुस्तीला गेलं तर संगणक चालू होईल पण मॉनिटर काळाच राहील. के असेल तर वेग वाढवायला मोकळीक असते, पण त्यासाठी झेड मालिकेचा महाग बोर्ड लागतो आणि डब्यात कूलर नसतो. एएम४ च्या रायझनमध्ये जी असेल तरच आत ग्राफिक्स असतं. एएम५ वर बहुतेकांत कामापुरतं असतंच, एफ असलेले सोडून.

बेरीज करताना कूलर विसरला जातो. ५६००, ७६०० आणि डबाबंद १२४००एफ यांच्यासोबत तो मिळतो. एक्स३डी सोबत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कंपनीचा लहान कूलर धापा टाकतो, म्हणून चार नळ्यांचा साधा टॉवर कूलर धरावाच, अशी माझी शिफारस आहे. तो आपल्या कॅबिनेटच्या रुंदीत मावतो का, ते मिलिमीटरमध्ये मोजून घ्यावं. विजेचाही हिशेब सोपा आहे. दोन प्रोसेसरांत खेळताना शंभर वॅटचा फरक पडत असेल आणि रोज तीन तास खेळ होत असेल, तर महिन्याला नऊ युनिटं. घरगुती बिलात युनिटं वाढली की दरही चढतो, हे टोरंट कंपनीचं विजेचं बिल वाचणाऱ्याला सांगायला नको. इंटेलचा वरचा के प्रोसेसर घेताना ही नऊ युनिटं आणि खोलीत वाढणारी उष्णता, दोन्ही धरावीत.

खरेदीचं बोलू. लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, गाठायला ठाण्याहून दादर आणि तिथे पश्चिम मार्गावर बदलून ग्रँट रोड. निघण्यापूर्वी दोन-तीन दुकानांना फोन करून त्याच दिवसाचा भाव विचारावा, कारण भाव सतत हलतात. विचारताना ‘जीएसटी धरून, बिलासकट, डबाबंद’ हे शब्द वापरावेत. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, आणि बिलाविना सांगितलेला स्वस्त भाव बहुधा तेवढ्यानेच स्वस्त असतो. पुढे वॉरंटीच्या वेळी तेच बिल लागतं. ‘ट्रे’ म्हणजे डब्याविना सुटा प्रोसेसर. डबाबंद मालाला इंटेल आणि एएमडी साधारण तीन वर्षांची वॉरंटी देतात. ट्रेला ती विकणारा देईल तेवढीच, म्हणून बिलावर लेखी घ्यावी. एक्स९९ नावाचे नवे बोर्ड आणि सर्व्हरमधून काढलेले झिऑन प्रोसेसर यांची जोडीही स्वस्तात दाखवतात. कोअर भरपूर, पण एकेका कोअरचा वेग कमी, आणि गेमला लागतो तो नेमका वेगच.

ऑनलाइन मागवलं तर पार्सल कदाचित आपल्याच तालुक्यातल्या गोदामातून निघेल, पण म्हणून तपासणी सैल करू नये. विक्रेत्याचं नाव पाहावं. डबा उघडताना सलग व्हिडिओ काढावा, त्यात सील, लेबलवरचा अनुक्रमांक आणि प्रोसेसरवरचा अनुक्रमांक तिन्ही दिसायला हवेत. एएम४ चा प्रोसेसर असेल तर खालच्या पिना डोळ्यांच्या पातळीवर आडव्या धरून पाहाव्यात. एकही रांगेबाहेर झुकलेली दिसली तर बसवू नये, परत करावा.

बसवण्याआधी बायोस. जुना प्रोसेसर लावलेला असतानाच तो अद्ययावत करावा, नाहीतर नवा लावल्यावर पडदा काळा आणि आपण घाबरे. बोर्डाच्या नेमक्या मॉडेलची, आवृत्तीच्या आकड्यासकट, फाइल उतरवून पेनड्राइव्हवर ठेवावी. काही बोर्डांवर नवा बायोस जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकतो, तेव्हा पानावरची टीप वाचावी. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. वळवाच्या पावसाचे दिवस टाळावेत आणि संगणक यूपीएसवर लावावा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस गेम खेळताना कमी पडेल, पण बायोसच्या कामापुरता पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट फार थोडे सांगतात. विंडोज ११ मध्ये डिस्कवर कुलूप, म्हणजे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, नकळत चालू असू शकतं. रायझनमध्ये त्या कुलपाची चावी प्रोसेसरशी बांधलेली असते. नवा प्रोसेसर लावताच काळ्या पडद्यावर विचारणा येते, टीपीएम नव्याने सुरू करू का, वाय की एन. घाईत वाय दाबलं आणि रिकव्हरी की, म्हणजे ४८ आकडी संकेत, जवळ नसला तर आपल्याच फायली आपल्याला उघडता येत नाहीत. म्हणून आधीच मायक्रोसॉफ्ट खात्यातून तो संकेत कागदावर उतरवून घ्यावा किंवा कुलूप काढून ठेवावं.

एएम४ वरून जुना प्रोसेसर काढताना संगणक पंधरा मिनिटं चालवून गरम करावा, बंद करावा, वायर काढावी. स्क्रू सैल केल्यावर कूलर सरळ वर ओढू नये. वाळलेली पेस्ट डिंकासारखी धरते आणि कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकवून. कूलर घड्याळाच्या काट्यांसारखा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवावा. पेस्ट सुटल्याचं हाताला कळतं. मग उचलावा. नवा प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि तो अलगद सोडायचा. दाबायचं काही नाही. दाबावा लागतोय असं वाटलं तर दिशा चुकली आहे. इंटेल आणि एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, त्यामुळे तिथे सॉकेटच्या आत बोट, कापड, काहीही लावू नये.

पेस्ट वाटाण्याएवढी, मधोमध. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढायला विसरू नये. ती तशीच राहिल्याने तापमान शंभरावर गेल्याचं वारंवार घडतं. पंख्याची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांनाच लावावी.

पहिल्यांदा चालू केल्यावर, विशेषतः डीडीआर५ असेल तर, काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. त्या वेळी घाबरून बटण दाबू नये. चालू झाला की बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो पुन्हा लावावं, कारण बायोस बदलल्यावर ते पुसलं जातं, आणि व्हॅलोरंट खेळणाऱ्याने सिक्युअर बूट पुन्हा तपासावं. मग आपला नेहमीचा गेम तासभर खेळून तापमान आणि फ्रेम, दोन्ही जुन्या आकड्यांशेजारी लिहावेत. संगणक मध्येच बंद पडला किंवा निळा पडदा आला तर परतीची मुदत संपायच्या आत कळायला हवं, म्हणून ही तपासणी पहिल्या आठवड्यातच करावी आणि तोवर जुना प्रोसेसर विकू नये.